सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरचा ‘कोंडा’ आणि तुटणारे केस: शाम्पू निवडण्याआधी

तुम्ही लिहिले आहे की तुमची मुलगी सहा वर्षांची आहे, तिचे केस दाट, कुरळे आणि खांद्याच्या खाली येणारे आहेत आणि गेले चार महिने तिच्या डोक्यावरून पांढरट-पिवळे पापुद्रे सुटत आहेत. आधी तुम्ही रोज रात्री तेल चोळलेत; पापुद्रे दबले, पण खाज वाढली. मग कोंड्यावरचा शाम्पू आणून जवळजवळ रोज वापरलात. पापुद्रे थोडे कमी झाले, पण केस राठ होऊन विंचरताना तुटू लागले. आता उजव्या कानाच्या वर दोन बोटे रुंदीच्या जागेत केस विरळ दिसत आहेत आणि घरातली मंडळी डोके भादरून टाकायला सांगत आहेत. पापुद्रेही जातील आणि केसही राहतील असा एखादा शाम्पू सुचवावा, अशी तुमची विनंती आहे.

शाम्पूचे नाव मी सांगणार नाही. तसा शाम्पू नसतो असे नाही, पण तुमच्यापुढची खरी अडचण शाम्पूच्या निवडीची नाही. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला डोक्याच्या त्वचेचा: हा आजार नेमका कोणता आहे? दुसरा केसांचा: औषध त्वचेला मिळावे आणि केसांना त्याचा जाच कमीत कमी व्हावा, हे कसे साधायचे? आतापर्यंत तुम्ही एकच गोष्ट, आधी तेल आणि नंतर शाम्पू, त्वचा आणि केस या दोघांनाही सारखीच लावत आलात, आणि बहुतेक घरांत असेच होते. वीस वर्षांहून अधिक काळ लहान मुलांच्या त्वचेचे आजार पाहताना माझ्या ध्यानात आलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे की त्वचेचे औषध त्वचेला आणि केसांची निगा केसांना, असे दोन वेगळे हिशेब ठेवले की निम्मा गुंता आपोआप सुटतो. तुमच्या मुलीचे डोके मी पाहिलेले नाही, म्हणून पुढे जे सांगते आहे त्यातले काय तिला लागू पडेल हे तपासणीवर अवलंबून आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

पहिल्यांदा ‘कोंडा’ या शब्दाबद्दल. आपण ज्याला कोंडा म्हणतो त्यात मॅलासेझिया नावाच्या यीस्टचा, म्हणजे त्वचेवर राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचा, मोठा हात असतो. हे यीस्ट आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर असतेच. त्याला स्वतःसाठी स्निग्धाम्ले तयार करता येत नाहीत, म्हणून ते त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. तान्ह्या बाळाच्या त्वचेतल्या तेलग्रंथी आईकडून आलेल्या संप्रेरकांच्या प्रभावाखाली काही महिने जोरात काम करतात, त्यामुळे त्या वयात डोक्यावर पिवळ्या, चिकट खपल्या धरतात आणि त्या बहुधा वर्षाच्या आत निघून जातात. त्यानंतर या ग्रंथी बऱ्याच अंशी शांत होतात आणि वयात येण्याच्या आसपास पुन्हा जाग्या होतात. म्हणजे साधारण एक ते दहा या वयात यीस्टला खायलाच फारसे मिळत नाही. म्हणूनच सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर चार महिने टिकलेले पापुद्रे दिसले, की मी ‘कोंडा’ हे निदान यादीच्या तळाशी ठेवते आणि वरच्या जागी गजकर्ण, इसब आणि सोरायसिस यांची नावे लिहिते. त्यातही पापुद्र्यांच्या जोडीला केस विरळ झालेली जागा असेल, तर गजकर्ण नाही हे सिद्ध होईपर्यंत मी ते आहे असेच धरून चालते.

डोक्यावरचे गजकर्ण, ज्याला जुनी माणसे खवडे म्हणत, अंगावरच्या गजकर्णासारखे गोल आणि ठसठशीत दिसेलच असे नाही. काही मुलांत ते हुबेहूब कोंड्यासारखे दिसते आणि तिथेच फसगत होते. ट्रायकोफायटॉन किंवा मायक्रोस्पोरम जातीची बुरशी केसांच्या मुळापाशी शिरते आणि केस ठिसूळ करते. काही प्रकारांत केस त्वचेच्या पातळीवरच तुटतो आणि मागे उरलेले टोक काळ्या ठिपक्यासारखे दिसते. काही प्रकारांत तो दोन-तीन मिलिमीटर वर तुटतो आणि ती जागा राखाडी खुंटांनी भरलेली दिसते. मानेच्या मागे किंवा कानामागे वाटाण्याएवढ्या गाठी हाताला लागतात. आजार अंगावर काढला आणि शरीराची प्रतिक्रिया तीव्र झाली, तर डोक्यावर मऊ, दुखरा, पू झिरपणारा फुगवटा येतो आणि त्यातून कायमचा व्रण राहून तिथे पुन्हा केस न येण्याचा धोका असतो. असा फुगवटा किंवा ताप दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आज दुपारी एक गोष्ट करा. मुलीला खिडकीजवळ, भरपूर उजेडात बसवा आणि विरळ जागेतले केस बोटांनी बाजूला करून अगदी जवळून पाहा. तिथली त्वचा गुळगुळीत आहे की तिच्यावर पापुद्रे आहेत? खुंट किंवा काळे ठिपके दिसतात का? गुळगुळीत, तुळतुळीत, पापुद्रे नसलेली जागा चाईकडे, म्हणजे चकत्यांसारख्या जागी केस गळण्याच्या आजाराकडे, बोट दाखवते. वेगवेगळ्या लांबीचे तुटके केस आणि स्वच्छ त्वचा असेल, तर मूल स्वतःच केस ओढते आहे का हे पाहावे लागते. पापुद्रे, खुंट आणि गाठी एकत्र असतील तर बुरशीचा संशय पक्का होतो. हे पाहणे निदान करण्यासाठी नाही. डॉक्टरांना नेमके काय दाखवायचे, हे तुम्हाला त्यामुळे कळेल.

याबाबत मी एवढी आग्रही का आहे, हे सांगायला हवे. डॉक्टरकी सुरू केल्यावर पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी आली होती. कोपरांच्या आतल्या घडीत तिला जुने इसब होते, डोक्यावर बारीक पापुद्रे आणि खाज होती. कोपरावर जे आहे तेच डोक्यावर आहे असे मी गृहीत धरले आणि स्टेरॉइडचे लोशन लिहून दिले. दोन आठवड्यांत खाज कमी झाली, आई खूश झाली आणि मीही. महिन्याभराने ती परत आली तेव्हा डोक्यावर काळ्या ठिपक्यांचे तीन चट्टे होते. स्टेरॉइडने सूज आणि खाज दाबली होती आणि बुरशीला मोकळे रान मिळाले होते. त्या दिवशी मुलीला सावरून बसवताना आईच्या हातावरची बाही वर सरकली आणि मनगटाच्या वर, मूल मांडीवर घेतल्यावर त्याचे डोके जिथे टेकते नेमक्या त्या जागी, एक लालसर कडे दिसले. पहिल्या भेटीतही ते कदाचित तिथेच असावे; मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून मुलाचे डोके पाहून झाले की मी सोबत आलेल्या माणसाचे हात आणि मान पाहते, आणि घरात आणखी कोणाला खाज किंवा चट्टा आहे का हे विचारल्याशिवाय औषध लिहीत नाही. तुम्हीही हा प्रश्न घरात विचारून घ्या. मांजराचे किंवा कुत्र्याचे पिल्लू खेळायला असेल तर तेही सांगा, कारण मायक्रोस्पोरमची एक जात प्राण्यांकडून मुलांकडे येते.

तपासणी सोपी आहे आणि दुखत नाही. बोथट पात्याने किंवा मऊ ब्रशने थोडे पापुद्रे खरवडून घेतात, दोन-चार तुटके केस चिमट्याने उचलतात आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्याचे उत्तर बहुधा त्याच दिवशी मिळते. नमुना वाढवून बुरशीची जात ओळखायची असेल, तर त्याला चार आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. विशिष्ट निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली काही मायक्रोस्पोरम हिरवे चमकतात, पण ट्रायकोफायटॉनच्या बहुतेक जाती चमकत नाहीत. म्हणून दिव्याखाली काही दिसले नाही यावरून बुरशी नाही असे ठरत नाही. त्या दिवशी डोक्याला तेल लावून जाऊ नका. तुम्ही वापरलेल्या शाम्पूची बाटलीही सोबत न्या; त्यात बुरशीविरोधी घटक असेल तर नमुन्यात बुरशी सापडण्याची शक्यता कमी होते आणि डॉक्टरांना ते ठाऊक असायला हवे.

बुरशी निघाली तर केवळ शाम्पूने किंवा मलमाने ती जाणार नाही, कारण ती केसांच्या मुळाच्या खोबणीत असते आणि वरून लावलेले औषध तिथपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. औषध तोंडानेच द्यावे लागते. ग्रिसिओफल्विन किमान सहा ते आठ आठवडे देतात आणि ते स्निग्ध अन्नासोबत घेतले तर चांगले शोषले जाते. टर्बिनाफिनचा काळ बहुधा त्याहून कमी असतो. ट्रायकोफायटॉनवर टर्बिनाफिन आणि मायक्रोस्पोरमवर ग्रिसिओफल्विन अधिक परिणामकारक ठरते, आणि मात्रा मुलीच्या वजनावरून ठरते, त्यामुळे ती डॉक्टरांनीच ठरवावी. केटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू या काळात आठवड्यातून दोनदा वापरतात. त्याने आजार बरा होत नाही, पण बुरशीचे कण इतरांपर्यंत जाणे कमी होते. औषध सुरू झाल्यावर शाळा बुडवण्याची गरज नसते. कंगवे, टोप्या, उशीचे अभ्रे मात्र प्रत्येकाचे वेगळे हवेत, आणि भावंडांची डोकी तपासून घ्यावीत, कारण काही मुलांच्या डोक्यावर कोणतेही लक्षण नसताना बुरशी असते. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत अंगावर बारीक, खाजरे पुरळ उठले तर घाबरून औषध बंद करू नका; पुष्कळदा ती शरीराची बुरशीविरुद्धची प्रतिक्रिया असते. तरीही डॉक्टरांना फोन करून दाखवून घ्या, म्हणजे औषधाची ॲलर्जी नाही याची खात्री होईल.

बुरशी नसेल तर? तेव्हा पापुद्र्यांचा पोत पाहावा लागतो. जाड, चांदीसारखे चमकणारे, कपाळाच्या केसांच्या रेषेबाहेर आणि कानामागे पसरलेले चट्टे सोरायसिसची शंका आणतात; नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे आहेत का, हे मी लगेच पाहते. कधीकधी पापुद्रे केसांच्या झुबक्याभोवती म्यानासारखे गुंडाळले जातात आणि झुबका उचलला की खपल्यांची अख्खी चळत वर येते. हे दृश्य पालकांना फार घाबरवते, पण ते सोरायसिसमध्ये, इसबात किंवा बुरशीतही दिसू शकते, म्हणून त्याचे मूळ शोधावे लागते. इसबात पापुद्रे बारीक असतात, त्वचा लालसर असते, खाजवून लस येते आणि बहुधा अंगावर इतरत्रही कोरडेपणा असतो. उवांचा विषय थोडक्यात: लिखा केसाला घट्ट चिकटतात आणि ओढून सरकत नाहीत, पापुद्रे सरकतात. तेवढे पाहिले की पुरे.

म्हणजे क्रम असा: आधी तपासणी, मग आजाराचे नाव, मग औषध. तपासणी होईपर्यंत रोजचा शाम्पू थांबवा, आणि घरात आधीपासून पडून असलेली स्टेरॉइडची ट्यूब लावण्याचा मोह टाळा.

आता केसांकडे वळते. त्वचेबाहेर आलेला केस हा निर्जीव तंतू असतो. त्याला जखम झाली तर ती भरून येत नाही, फक्त पुढची इजा टाळता येते. त्याच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म पापुद्रे कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी लागले की केस फुगतो, कौले उचलली जातात. वाळला की पुन्हा आकसतो. फुगणे-आकसणे रोज घडले, वर शाम्पूने पृष्ठभागावरचा स्निग्ध थर धुऊन काढला, की कौले निघू लागतात, एका केसाची दुसऱ्याला अडकण होते आणि कंगवा फिरवला की केस तुटतो. कुरळ्या केसांत ही अडचण दुप्पट असते, कारण त्वचेवरचे तेल वळणावळणाच्या वाटेने टोकापर्यंत उतरत नाही. त्यातून सहा वर्षांच्या मुलीच्या ग्रंथी तेलच कमी तयार करतात. रोजच्या धुण्याने तुमच्या मुलीचे केस राठ झाले यात नवल नाही. आजार वाढल्यामुळे केस तुटत असतील, अशी भीती तुम्हाला वाटली असणार. पण मध्येच किंवा टोकाकडे तुटलेला केस धुण्या-विंचरण्याच्या जाचाचा असतो आणि त्वचेलगत तुटलेला केस आजाराकडे बोट दाखवतो. उशीवर किंवा कंगव्यात पडलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. एका टोकाला बारीक पांढरा गड्डा असलेला केस मुळापासून गळालेला असतो. दोन्ही टोके तशीच तुटकी असतील तर तो तुटलेला आहे. तुमच्या प्रश्नातली ‘विरळ जागा’ आणि ‘विंचरताना तुटणारे केस’ या बहुधा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला वाटते.

तेलाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात आणि दोन्ही अर्धीच खरी आहेत. खोबरेल तेल केसांच्या आत काही प्रमाणात मुरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे प्रयोगांत दिसलेले आहे; म्हणून ते केसांच्या लांबीला, धुण्याच्या आधी अर्धा तास लावणे चांगले. पण वनस्पतिजन्य तेल त्वचेवर रात्रभर मुरवत ठेवले, तर मॅलासेझियाला त्यातली स्निग्धाम्ले मिळतात. शिवाय चिकट थराखाली पापुद्रे नुसते दबतात, जात नाहीत. तुम्ही पाहिलेत तेच हे. खपल्या मऊ करण्यासाठी मी बिनवासाचे खनिज तेल, म्हणजे लिक्विड पॅराफिन, सुचवते, कारण ते यीस्टचे अन्न नाही. धुण्याच्या एक-दोन तास आधी ते फक्त खपल्यांवर कापसाच्या बोळ्याने लावावे, मग बोटांच्या पेरांनी हलकेच चोळावे आणि जेवढे सुटेल तेवढेच सोडवावे. उरलेले पुढच्या वेळी. खपली केसाला चिकटलेली असते. नखाने किंवा फणीने ती उपटली की सोबत केसही येतात, आणि सोरायसिस असेल तर ओरखडलेल्या जागी नवा चट्टा उठतो. सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेली औषधे खपल्या लवकर विरघळवतात, पण ती त्वचेतून शोषली जाऊ शकतात. दोन वर्षांखालच्या मुलांना ती वापरू नयेत आणि मोठ्या मुलांनाही विचारल्याशिवाय लावू नयेत.

डोके धुण्याची पद्धत जरा सविस्तर सांगते, कारण औषध योग्य असूनही इथेच सगळे बिघडते. मी आईवडिलांना दवाखान्यात मुलीचे केस कोरडे असतानाच त्यांचे चार भाग करायला लावते: कपाळापासून मानेपर्यंत एक भांग, एका कानापासून दुसऱ्यापर्यंत दुसरा. प्रत्येक भागाची सैल बट पिळून क्लिपने वर धरायची. लांबीला खोबरेल किंवा साधे कंडिशनर आधीच चोपडून ठेवायचे, म्हणजे खाली ओघळणाऱ्या शाम्पूचा मारा त्याच्यावर होतो. मग एकेक भाग सोडवून, बोटभर अंतरावर भांग पाडत जायचे आणि निमुळत्या तोंडाच्या बाटलीतून औषधी शाम्पू थेट त्या भांगेवर सोडायचा. पाणी घालून तो पातळ करू नये, त्याची ताकद जाते. पेरांनी, नखांनी नव्हे, त्वचा हलवल्यासारखी चोळायची. केस डोक्यावर गोळा करून भांडी घासल्यासारखे घासायचे नाहीत. गुंत्याचे निम्मे कारण ते घासणे असते. केटोकोनॅझोल असेल तर तीन ते पाच मिनिटे थांबायचे असते आणि ही मिनिटे सहा वर्षांच्या मुलीला फार मोठी वाटतात. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने त्यावर स्वतःच तोडगा काढला होता: तिची बाहुली शेजारी बसायची, बाहुलीच्या डोक्यावरही साबणाचा फेस, आणि दोघींपैकी कोण आधी हलते याची शर्यत. धुताना डोके मागे कलते ठेवून पाणी वरून खाली सोडायचे, कोमट, गरम नव्हे, आणि शाम्पू पुरता निघेपर्यंत. सेलेनियम सल्फाइड नीट धुतला नाही तर केसांचा रंग बिघडू शकतो.

नंतर साधे कंडिशनर पुन्हा लांबीला, त्वचेला नाही. कुरळे केस कोरडे विंचरू नयेत. कंडिशनर असतानाच, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकापासून सुरुवात करून वर वर जात गुंता सोडवावा आणि सोडवताना वरची बट मुठीत धरावी, म्हणजे हिसका मुळाला बसत नाही. टॉवेलने घासू नये. मऊ सुती कापडात केस दाबून पाणी टिपावे. ओले केस घट्ट बांधू नयेत. औषधी शाम्पू बहुतेक आजारांत आठवड्यातून दोनदा, तोही दोन-चार आठवडेच लागतो. या वयात आणि या पोताच्या केसांना एरवी आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुणे पुरते.

लोशन लिहून दिले गेले तर तेही भांग पाडूनच, कोरड्या डोक्यावर, थेंबाथेंबाने. अल्कोहोल असलेले लोशन खाजवून सोललेल्या त्वचेला झोंबते, आणि एकदा झोंबले की मूल पुढच्या वेळी डोके हातात देत नाही. म्हणून ओरखडे असतील तर तेलात किंवा पाण्यात मिसळलेला प्रकार मागून घ्या. स्टेरॉइडच्या नावाने घाबरून औषध अर्धवट सोडणारे पालक मला नेहमी भेटतात, त्यांची भीती मी समजू शकते. पण निदान नक्की असेल, औषधाची ताकद मुलाच्या वयाला योग्य असेल आणि ते सांगितलेले दिवसच, बहुधा दोन आठवड्यांपर्यंत, लावून मग कमी करत आणले, तर इसबात आणि सोरायसिसमध्ये त्याच्याइतके लवकर सुख देणारे दुसरे औषध क्वचितच सापडते. नुकसान चुकीच्या निदानाने होते आणि महिनोन्‌महिने न विचारता लावत राहण्याने होते.

डोके भादरण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: गरज नाही. बुरशी त्वचेखालच्या मुळात असते, ती वस्तऱ्याने निघत नाही. उलट वस्तऱ्याने पापुद्र्यांच्या जागी कापले तर जंतुसंसर्गाला वाट मिळते. भादरल्याने केस दाट येतात हाही गैरसमज आहे, कारण केसाची जाडी मूळ ठरवते आणि वस्तरा मुळापर्यंत पोहोचत नाही. सहा वर्षांच्या मुलीला आरशात काय दिसते आणि वर्गात काय ऐकावे लागते, हाही वैद्यकीय निर्णयाचाच भाग आहे. भांग पाडणे फारच जड जात असेल तर दोन-तीन इंच टोके कापून घ्या. राठ झालेला भागही त्यातच निघून जाईल. वेणी सैल घाला, भांगेची जागा बदलत राहा, आणि विरळ जागा झाकण्यासाठी केस ताणून बांधू नका, कारण सततच्या ताणाने कपाळाच्या कडेचे केसही जातात आणि फार काळ ओढले तर ते परत येत नाहीत.

किती दिवस लागतील, हे निदान ठरवेल. इसब शांत होते आणि परत येते. सोरायसिसला दीर्घकाळ सांभाळावे लागते. गजकर्ण मात्र पूर्ण बरे होते आणि मोठा फुगवटा आला नसेल तर केसही परत येतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे औषध लागू पडल्यानंतरही ती दोन बोटे जागा तुम्हाला पुढचे दोन-तीन महिने विरळच दिसेल आणि औषधाचा उपयोग होत नाही असे वाटू लागेल. त्यावर उपाय म्हणून मी फोटो काढायला सांगते: दर पंधरा दिवसांनी, त्याच खिडकीपाशी, तोच भांग पाडून, शेजारी मोजपट्टी धरून. पहिल्या फोटोत पापुद्रे दिसतात, दुसऱ्यात त्वचा साफ होते, आणि तिसऱ्या किंवा चौथ्या फोटोत, मोठा करून पाहिलात तर, कडेने टोकदार निमुळते बारीक केस उगवलेले दिसतात. तुटलेल्या केसाचे टोक बोथट असते, नव्या केसाचे निमुळते. हा फरक एकदा ओळखता आला की आरसा रोज पाहायची गरज राहत नाही. तपासणीला जाताना पहिला फोटो सोबत घेऊन जा.